घाट रुंद करू नका, मैलकुली परत द्या

कोकणातल्या रस्त्यांच्या फायली ज्यांच्या टेबलावरून पुढे सरकतात, त्या सर्व अभियंता साहेबांस आणि लोकप्रतिनिधींस,

स. न. वि. वि.

घाट रुंद करण्यापेक्षा रस्त्याची रोजची निगा राखणारा माणूस, म्हणजे मैलकुली, परत नेमा, एवढं सांगायला हे पत्र. ते उघडं लिहितोय, कारण बंद पाकिटात घालून कुणाला पाठवायचं तेच ठरत नाही. माझ्या गॅरेजवरून गगनबावड्याच्या माथ्याकडे निघालं की रस्ता वाटेत मालक बदलत जातो. एक तुकडा राष्ट्रीय महामार्गाचा, पुढचा राज्यमार्ग, फाट्यावरून आत वळलं की प्रमुख जिल्हा मार्ग, वाडीकडे उतरलं की जिल्हा परिषदेचा. घाटात तर जिल्हाच बदलतो. खड्ड्यांना हद्द कळत नाही, त्यामुळे तक्रार घेऊन गेलेला माणूस या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहतो. तेव्हा ज्याच्या ताब्यात जो तुकडा असेल, त्याने त्यापुरतं वाचावं.

तळेऱ्याला मुंबई–गोवा महामार्ग आणि विजयदुर्गाहून कोल्हापूरला जाणारा रस्ता एकमेकांना भेटतात. त्याच पट्ट्यात माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. आठवडाभर गावातल्या स्प्लेंडर, ॲक्टिव्हा, मागे मासळीचे खोके बांधलेल्या गाड्या. पाऊस ओसरला की नवरात्रापासून शिमग्यापर्यंत मुंबई-पुण्याहून आणि कोल्हापूर-बेळगावकडून येणारे बुलेटवाले, हिमालयनवाले. मी स्वतःही त्यांच्यातलाच. रविवारी शटर खाली ओढायचं, दोन-चार मित्र गोळा करायचे, एक घाट चढायचा आणि दुसऱ्याने उतरायचं, हा आमचा जुना छंद. बायको त्याला छंद म्हणत नाही, तो भाग वेगळा.

या पाहुण्यांना काय हवं असतं, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का? पर्यटन विकासाच्या घोषणा ऐकल्या तर सांगितलं नसावं असंच वाटतं. कारण प्रत्येक घोषणेत रुंदीकरण हा शब्द असतोच. पण जो माणूस तीनशे किलोमीटर मोटारसायकल हाणत आमच्याकडे येतो, तो रुंद रस्त्यासाठी येत नाही. तो त्याच्याकडे आहे. किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं दिसलं, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, की ही मंडळी तोंड फिरवतात. हिरव्या डोक्याचा राज्यमार्ग चालवून घेतात. काळ्या डोक्याचा जिल्हा मार्ग लागला की चेहरे खुलतात, आणि भगव्या डोक्याचा गावरस्ता मिळाला की स्वारी एकदम खूश. पावणेचार मीटर डांबर, दोन्ही अंगाला दगडी कुंपणाचे गडगे, वर आंबा-फणसाची सावली, समोरून एसटी आली की एकाने मातीत उतरून वाट द्यायची. त्यांना हेच हवं असतं.

जैतापूरचा पूल ओलांडून नाटे, आडिवरे, कशेळी, गावखडी, पूर्णगड, पावस असा रत्नागिरीला जाणारा रस्ता घ्या. सड्यावर असताना दोन्हीकडे जांभ्याचा उघडा माळ, वाऱ्याने गाडी बाजूला सरकते. पुढे उतार लागतो, दोन वळणं घेतली की नारळी-पोफळीच्या आगरातला गारवा हेल्मेटच्या काचेखालून आत शिरतो. परत चढ, परत सडा. गावखडीला सुरूचं बन, मग मुचकुंदीवरचा पूल, पलीकडे पूर्णगड. याच सड्यांवर कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, रुंढे तळी इथली कातळशिल्पं आहेत, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तिथे पोचायला लागतात ते आडरस्तेच, आणि फलक चुकला तर गुराख्याला विचारायचं. ताशी नव्वदने जाणाऱ्याला गुराखी दिसत नाही.

किंवा आमच्या दारातला भुईबावडा घाट. करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट वर गगनबावड्यालाच निघतात, त्यामुळे एकाने चढून दुसऱ्याने उतरण्याची सोय देवानेच करून ठेवली आहे. भुईबावडा अरुंद, झाडीचा, शांत. दिवाळीनंतर सकाळी लवकर चढलात तर खाली दरीत धुकं भरलेलं असतं आणि वळणावळणावर डोंगरातून अजून पाणी ठिबकत असतं. तिथे मी गाडी बंद करून नुसता उभा राहिलोय आणि मागून कुणी हॉर्न वाजवलेला नाही. राज्यमार्गावर हे सुख किती ठिकाणी उरलंय, तुम्हीच सांगा.

आता तुम्ही म्हणाल, मोटारसायकलवाल्यांच्या मौजेसाठी कोकणाने रुंद रस्ते नाकारायचे काय? तसं नाही. कोल्हापूरला दवाखान्यात न्यायचा पेशंट, सिमेंटचा ट्रक, आंब्याची गाडी, सगळ्यांना धड रस्ता हवा. करूळ रुंद झाला ते योग्यच झालं. कशेडीला बोगदा झाला, तो तर कधीच व्हायला हवा होता. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चाललंय, ते एकदाचं संपावं ही तर आमची गणपतीला दरवर्षीची मागणी. अवजड वाहनांसाठी प्रत्येक भागात एक घाट पक्का, रुंद, बारमाही करा, आम्ही टाळ्या वाजवू. माझं म्हणणं उरलेल्या घाटांबद्दल आहे. सगळेच घाट करूळ करायला जाऊ नका.

आणि करूळचा अनुभव तर माझ्याच बाजूचा पुरावा देतो, फक्त तो नीट वाचायला हवा. २०२४ मध्ये तो घाट कामासाठी बंद झाला आणि वर्षभर बंद राहिला. तेवढ्या काळात कोल्हापूरकडची वाहतूक फोंडा आणि भुईबावडा घाटांनी जात होती. म्हणजे मोठा घाट बंद पडला तेव्हा कोकणाचा श्वास चालू ठेवला तो लहान घाटांनी. ज्यांच्याकडे एरवी कुणी बघत नाही, ज्यांची गटारं बुजलेली आणि कठडे ढासळलेले, त्यांनीच तो सगळा भार अंगावर घेतला. उद्या वरची दरड रुंद घाटावर आली तर पुन्हा तेच होणार. घाट रुंद करायला डोंगर उभा कापावा लागतो, आणि आपल्या डोंगराची जात तुम्ही माझ्याहून चांगली जाणता. खाली काळा कातळ, मध्ये तांबड्या मातीचे थर, वर कुजलेला मुरूम आणि जांभा. परशुराम घाटात २०२२ मध्ये ऐन उन्हाळ्यात रोज काही तास वाहतूक थांबवून काम करावं लागलं, ते काही कुणाला हौस होती म्हणून नाही.

रुंद रस्त्याने धंदा वाढतो म्हणतात. कुणाचा, ते विचारायला हवं. कणकवलीला महामार्ग उड्डाणपुलावरून जातो. खाली भरलेला बाजार आहे हे वरून जाणाऱ्याला कळतही नाही. लहान रस्त्यावरचा मोटारसायकलवाला मात्र थांबत थांबत जातो. कोकम सरबत, घावणे-चटणी, टपरीवरचा चहा, कुणाच्या तरी पडवीत रात्रीची वस्ती, निघताना काजूची पिशवी. चेन सैल झाली म्हणून माझ्याकडे थांबतो तो पलीकडच्या खानावळीत जेवूनच जातो.

तर मुद्द्याकडे येतो. लहान रस्त्यांना रुंदीपेक्षा हात हवे आहेत.

आमच्या गॅरेजवर संध्याकाळी एक आजोबा येऊन बसतात. त्यांनी उभी नोकरी मैलकुली म्हणून काढली. नव्या मुलांना हा शब्दही ठाऊक नसतो. रस्त्याचा ठरावीक तुकडा ठरावीक माणसाकडे असायचा. फावडं, कुदळ, पहार, कोयता, घमेलं एवढी त्याची हत्यारं. मे महिन्यात गटार उपसायचं, साईडपट्टीवरची झुडपं तोडायची, पावसात रोज आपल्या तुकड्यावरून चालत जायचं, दरडीचे दगड बाजूला करायचे, मोऱ्यांची तोंडं मोकळी ठेवायची. त्यांच्यावर मुकादम. हळूहळू ही माणसं निवृत्त झाली, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि काम निविदांमध्ये गेलं. निविदा निघते, मंजूर होते, तोवर मृग लागलेला असतो.

मागे एकदा ऐन जुलैत त्यांना गाडीवर मागे बसवून घाटात घेऊन गेलो होतो. एका वळणावर रस्त्यावरून घोटाभर पाणी आडवं वाहत होतं. आजोबा म्हणाले, थांब. उतरले, धोतर वर खोचलं आणि डोंगराकडच्या गटाराच्या कडेला जाऊन बसले. मोरीच्या तोंडाशी ऐनाच्या पानांचा लगदा, त्यात पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची चकाकती पाकिटं, एक मोडकी फांदी आडवी आणि तिला अडकलेला घागरीएवढा दगड. त्यांनी आधी फांदी नुसती हलवून पाहिली. मग माझ्याकडून चाकं खोलायचा लांब पाना मागून घेतला, तो दगडाखाली घालून एक हिसका दिला. दगड गडगडला, मोरीने मोठा घोट घ्यावा तसा आवाज केला आणि रस्त्यावरचं पाणी बघता बघता ओसरलं. खाली डांबराची कडा उघडी पडली. पापुद्रे सुटले होते, मधली खडी धुऊन गेली होती, आणि दरीच्या बाजूला भरावात एक भेग दिसत होती, माझी बोटं आत जातील एवढी.

आजोबा पाना पुसत म्हणाले, "ह्या काम दोन हातांचा. पण हातच खंय रवले?"

त्या भेगेचं पुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहितो. घाटातल्या रस्त्याला डोंगराच्या अंगाला गटार असतं आणि गटाराचं पाणी थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याखालून दरीत सोडणारी मोरी असते. मोरी तुंबली की गटार भरतं, गटार भरलं की पाणी रस्त्यावर येतं. डांबराचं पाण्याशी हाडवैर. पाणी डांबराची पकड सोडवतं, वरून ट्रक गेला की खडी सुटते, तिथे खड्डा. उरलेलं पाणी दरीकडच्या भरावात मुरतं आणि संरक्षक भिंतीच्या पाठीशी साचतं. भिंतीत पाणी बाहेर पडायला ठेवलेली भोकंही मातीने बुजलेली असतात, त्यामुळे भिंत पोट काढते. एक दिवस ती जाते आणि अर्धा रस्ता घेऊन जाते. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, अतिवृष्टीमुळे रस्ता खचला. अहो, आंबोलीला वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, गगनबावडाही मागे नाही. हा पाऊस काही परवा सुरू झालेला नाही. तो येणार हे पंचांगात लिहिलेलं असतं. खचलेला रस्ता बांधायला जे लाखो रुपये लागतात, त्यात त्या मोरीवर किती वर्षं माणूस ठेवता आला असता, हा हिशेब तुमच्या लेखा शाखेने एकदा मांडावा.

आता डांबरावर येतो. इथे माझा अधिकार थोडा जास्त आहे, कारण तुमच्या रस्त्याची प्रगती माझ्या दुकानात येऊन पडते. वाकलेली रिंग, तडकलेलं अलॉय, पुढच्या फोर्कचं फुटलेलं ऑईल सील, घासलेला फूटरेस्ट. आरे असलेलं चाक मी ठोकून, ताणून पुन्हा गोल करून देतो. अलॉय तडकलं की बदलण्याशिवाय इलाज नाही आणि ते कोल्हापूरहून मागवावं लागतं. गाडी कुठे पडली ते विचारायची गरज पडत नाही. उजव्या अंगाला खरचटलेली असेल तर उजव्या वळणावर खडी होती.

ही खडी म्हणजे खड्डे बुजवून झाल्यावर वर पसरलेली बारीक कच. चारचाकीला त्याचं काही नाही. दुचाकी वळणावर झुकते तेव्हा तिचा सगळा भार टायरच्या तळहाताएवढ्या जागेवर असतो. त्या जागेखाली डांबराऐवजी गोट्यांसारखे सुटे दगड आले की पुढचं चाक निसटतं, आणि ब्रेक दाबला तर आणखी लवकर निसटतं. एबीएस असलं तरी खडीवर त्याची कमाल थोडीच. उपाय? हिराचा खराटा. काम झाल्यावर चार दिवसांनी एका माणसाने वळणं झाडून काढायची. निविदेत ही ओळ असतेही म्हणे; मग ती वळणावर का दिसत नाही, हे बिल मंजूर करणाऱ्याने स्वतः येऊन बघावं.

दुसरी गोष्ट, रस्त्याची कडा. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवा थर चढतो, साईडपट्टी मात्र आहे तिथेच. हळूहळू डांबर आणि माती यांच्यात वीतभर पायरी तयार होते. वर मी जे गमतीने लिहिलं, की एसटीला वाट देताना मातीत उतरायचं, ते या पायरीवरून उतरणं असतं. रायडर लोक सुट्टीला आलेले, अंगात जॅकेट, गुडघ्याला पॅड. पण त्याच कडेवरून रोज शाळेतल्या बाई जातात स्कूटरवर, पोस्टमन जातो, पहाटे बंदरावरून मासळी घेऊन येणारा जातो, ज्याच्या गाडीचा तोल मागच्या खोक्यांनी आधीच बिघडलेला असतो. त्यात कुठल्या तरी केबलसाठी साईडपट्टी खणलेली असते आणि वर सैल माती लोटून ठेवलेली. पहिल्या पावसात तिचा लाल चिखल होतो. खणणाऱ्याकडून रस्ता पूर्ववत करण्यासाठी पैसे भरून घेतलेले असतात ना? मग ते पैसे कुठल्या मातीत मुरतात?

गतिरोधकांवर तर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच सांगितलेला आहे, म्हणजे गाडी अलगद वर चढून अलगद उतरावी. आमच्याकडे शेताला बांध घालावा तसा घालतात, तोही उताराच्या तोंडाशी, झाडाच्या सावलीत, रंग न लावता. आणि वळणावरचे बहिर्गोल आरसे! त्यांच्यावर वाढदिवसाचे फलक बांधतात. समोरून ट्रक येतोय की नाही ते बघायला मान वर करावी, तर कुणी तरी भावी सभापती हात जोडून हसत असतात.

कठड्यांचंही तेच. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. ३० जण गेले, एकच वाचला. त्या अपघाताच्या कारणांत मी शिरत नाही, तेवढी माझी माहिती नाही. पण त्यानंतर कुठल्याही घाटात पडलेला कठडा आणि त्या जागी बांधलेली लाल-पांढरी प्लॅस्टिकची पट्टी दिसली की पोटात गोळा येतो. ती पट्टी मी एका ठिकाणी दोन पावसाळे बघितली आहे. रंग उडाला, पट्टी तीच.

केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली जवळजवळ निम्मी, ४४ टक्क्यांहून जास्त, दुचाकीवरची होती. रस्ता तपासायला तुमची माणसं मात्र जीपमधून जातात. चार चाकांवर बसलेल्या माणसाला खडी, कडा, पायरी यातलं काही जाणवत नाही, त्याला फक्त खड्डा जाणवतो. म्हणून खड्डा तेवढा बुजतो, तोही गणपतीच्या आदल्या आठवड्यात.

कायदा तुमच्याकडे आहेच. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८अ हे कलम आलं. रस्त्याची आखणी, बांधकाम, देखभाल मानकाप्रमाणे न झाल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. धमकी म्हणून लिहीत नाही. एक लाखात नवी बुलेटही येत नाही, त्या दंडाला भिणार कोण? पण मानक नावाची गोष्ट कायद्यात आहे, एवढं त्यातून सिद्ध होतं. ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांवर तर पाच वर्षांच्या देखभालीचा उल्लेख फलकावरच असतो. त्या फलकांवर वेल चढलेले आहेत. ते काढले तरी पुष्कळ होईल.

आमच्या लोकांबद्दलही लिहितो, नाहीतर म्हणाल गॅरेजवाला आपल्या गिऱ्हाइकांची बाजू घेतोय. वीस-वीस गाड्यांचा जथा करून, सायलेन्सरचं पोट फोडून येणारे आम्हालाही नकोत. वळणावर ओव्हरटेक करणारे, धबधब्याखाली गाडी आडवी लावून फोटो काढणारे, मोरीत सापडलेल्या त्या बाटल्या टाकणारे, यांना पोलिसांनी जरूर अडवावं. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची असते, हा साधा नियम शहरातून आलेल्या निम्म्यांना माहीत नसतो. "अति घाई संकटात नेई" असं तुम्ही जागोजागी लिहिता, ते वाचून सगळे हसतात आणि पुढे जातात. त्याऐवजी घाटाच्या दोन्ही तोंडांशी "चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्या" असं लिहा, त्याचा उपयोग होईल. घाटात न्यूट्रलवर गाडी सोडून ब्रेकवर ब्रेक दाबत उतरणाऱ्यांचे जळके ब्रेक पॅड मी दर हंगामात बदलतो. तेव्हा "उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवा" हेही रंगवून टाका. आणि आंबोलीत पहिल्या पावसाच्या रात्री गाड्या कमी कराव्यात, अशी विनंती तर मीच सगळ्या ग्रुपना करतो. जगात फक्त त्याच परिसरात सापडणारी भेकाची एक जात तिथे आहे, २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी ती नोंदवली. पाऊस पडला की ती आणि तिचे भाईबंद रस्त्यावर येतात आणि चाकाखाली जातात. रस्ता रुंद झाला तर त्यांना तो ओलांडायला आणखी वेळ लागेल, एवढंच नोंदवून ठेवतो.

सागरी महामार्गाचंही काम आता जोराने पुढे न्यायचं म्हणताय. रेवस ते रेड्डी, अंतुले साहेबांच्या काळापासूनची कल्पना. खाड्यांवर पूल झाले तर गावांची सोय होईल, हे मान्य. बाणकोटच्या खाडीतला अर्धवट पूल वर्षानुवर्षं नुसता उभा राहिलेला आम्ही जंगलजेटीवरून, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीवरून, जाता-येता पाहिलाय, तोही पुरा होऊ दे. फक्त पुलांच्या मधला जो रस्ता आहे, केळशी-आंजर्ल्याचा, आडिवऱ्या-कशेळीचा, कुणकेश्वर-मिठबावचा, तो सरसकट एका मापात कापू नका. गावातून जातो तिथे गावाच्या मापाचा राहू दे. गडगे, वड आणि देवळाचा पार वाचवून साईडपट्ट्या भरल्या, मोकळ्या जागी समोरासमोर गाड्या थांबायला रुंद जागा काढल्या, तरी वाहतूक चालते. घाटात अशा जागा पूर्वी होत्याच, आता त्यात खडीचे ढीग आहेत.

मागणी एकाच कामाची आहे. या वर्षी एखादा लहान घाट निवडा. भुईबावडा घ्या, अणुस्कुरा घ्या, तिलारी घ्या, तुमची मर्जी. तिथे वर्षभरासाठी स्थानिक गावातली माणसं मैलकुली म्हणून नेमा, त्यांच्यावर मुकादम द्या आणि त्यांना ठेकेदाराच्या नव्हे, तुमच्या हजेरीपटावर घ्या. रोजगार हमीतून बसतं की देखभालीच्या निधीतून, ते तुम्ही ठरवा. मेच्या २० तारखेच्या आत गटारं आणि मोऱ्या साफ, पावसात रोज फेरी, पावसाळ्यानंतर वळणांवर खराटा. त्या घाटात एका वर्षात काय खचलं, काय वाहून गेलं, ते शेजारच्या घाटाशी ताडून बघा. आकडे तुमचेच असतील. आमच्या आजोबांचं वय झालंय, पण नव्या पोरांना पाण्याची वाट कशी ओळखायची ते शिकवायला ते तयार आहेत. मी विचारून घेतलंय. मानधनाचं बोलल्यावर जरा रागावले, तेव्हा त्यांच्यासाठी चहाची सोय करा.

आणि रस्ता ताब्यात घेण्याआधी, बिलावर सही करण्याआधी, तुमच्या कनिष्ठ अभियंत्याने तो दुचाकीवरून एकदा चढून-उतरून बघावा, एवढा नियम करा. तुमच्याकडे गाडी नसेल तर आमच्याकडे आहे. मेच्या शेवटच्या रविवारी आम्ही पहाटे साडेपाचला गॅरेजवरून निघतो, भुईबावड्याने चढून करूळने उतरतो. मागची सीट रिकामी ठेवतो. जास्तीचं हेल्मेट आहे, मध्यम मापाचं. डोकं मोठं असेल तर आधी कळवावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तळेऱ्याजवळचा एक गॅरेजवाला